ठेका दिला म्हणजे जबाबदारीही दिली काय?

उद्यान एक्स्प्रेसने बेंगळूरूला जाणाऱ्या आमच्या रेल्वे बांधवांपैकी कोणी कोरमंगलाकडे गेले असतील, तर ईजीपुरा ते केंद्रीय सदन या रस्त्यावरचे काँक्रीटचे खांब त्यांनी पाहिले असतील. अडीच किलोमीटरच्या या उड्डाणपुलाचे काम २०१७ साली सुरू झाले. किंमत सुमारे २०३ कोटी रुपये, मुदत अडीच वर्षांची. नोव्हेंबर २०१९ मध्ये वाहने धावायला हवी होती. ठेका मिळाला होता सिम्प्लेक्स इन्फ्रास्ट्रक्चर्स या कलकत्त्याच्या जुन्या कंपनीला. मुदत संपली, वाढवून दिली, पुन्हा संपली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२२ मध्ये तेव्हाच्या बृहत् बेंगळूरु महानगरपालिकेने ठेका रद्द केला. पुन्हा पुन्हा निविदा मागवून २०२३ साली काम दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि त्या वर्षाच्या अखेरीस परत सुरू झाले. नव्या ठेक्यातल्या तारखाही पुढे सरकत राहिल्या.

खांबांखालून रोज जाणाऱ्या माणसाने या काळात धूळ खाल्ली, खड्डे सोसले, तासन् तास वाहतुकीत अडकून काढले. त्याची भरपाई कोणी द्यायची? असल्या प्रकरणांतला वाद नेहमीचाच असतो. सरकारी खाते म्हणते, ठेकेदार नालायक निघाला. ठेकेदार म्हणतो, जमीन ताब्यात मिळाली नाही, बिले थकली. दोघांचे थोडे थोडे खरेही असते. पण करार त्या दोघांमध्ये असतो. रस्त्यावरचा माणूस त्या करारात कुठेच नसतो, आणि त्या कामावर राबणारा मजूर तर नसतोच नसतो. आज आम्हाला लिहायचे आहे ते या तिसऱ्या आणि चौथ्या माणसाबद्दल.

याच कोरमंगलात, याच ईजीपुऱ्यात, यापेक्षा कडू गोष्ट घडून गेली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी तेथे सरकारी चाळवजा इमारती उभ्या केल्या होत्या. बांधकाम असे की थोड्याच वर्षांत त्यांतल्या काही कोसळल्या. इतकी निकृष्ट इमारत कोणी बांधली, कोणी तपासली, कोणी पास केली, यावर कोणाला शिक्षा झाल्याचे ऐकिवात नाही. उपाय मात्र निघाला, आणि तो त्या काळातला सर्वांत लाडका उपाय होता: सार्वजनिक-खाजगी भागीदारी. सुमारे १५ एकर जागा मॅव्हरिक होल्डिंग्ज या खाजगी कंपनीबरोबरच्या करारात घातली गेली. निम्म्या जागेत गरिबांची घरे आणि निम्म्या जागेत कंपनीचे व्यापारी संकुल असा तो सौदा. मग जानेवारी २०१३ मध्ये, ऐन थंडीत, पोलीस बंदोबस्तात बुलडोझर आले आणि सुमारे दीड हजार कुटुंबांची पत्र्याची घरे चार दिवसांत जमीनदोस्त झाली. अनेक कुटुंबे महिनोन् महिने तिथल्याच फुटपाथवर राहिली. त्यांत महापालिकेसाठी झाडू मारणाऱ्या बायका होत्या, घरकाम करणाऱ्या होत्या, हमाल होते. पालिकेला विचारावे तर ती कराराकडे बोट दाखवणार. कंपनीला विचारावे तर ती म्हणणार, आमचा तुमच्याशी करारच नाही.

बंधूंनो, ही गोष्ट दूरच्या शहराची म्हणून सोडून देऊ नका. सरकारने काम बाहेर दिले की काम जाते, नफा जातो, पण जबाबदारी नेमकी कुठे जाते हे सापडत नाही. हेच आपल्या दारात, आपल्या यार्डात आणि आपल्या पोस्टाच्या काउंटरवर चालले आहे.

सरकारी काम सरकारनेच केले की सारे सुरळीत होते, असे सांगण्याइतके आम्ही भाबडे नाही. सरकारी खात्यांचा गलथानपणा आपल्यापेक्षा कोण जास्त जाणतो? पण खात्याच्या चुकीला निदान पत्ता असतो. निलंबन होते, खातेनिहाय चौकशी होते, संसदेत प्रश्न विचारता येतो, माहितीच्या अधिकारात कागद मागता येतो. रेल्वे कायदा १९८९ मधील कलम १२४ पाहा. गाडीला अपघात झाला तर रेल्वे प्रशासनाचा दोष असो वा नसो, प्रवाशाला भरपाई द्यावीच लागते. रूळ कोणत्या ठेकेदाराने टाकला हे प्रवाशाच्या वारसाला विचारावे लागत नाही. यातून सूत्र निघते ते असे की लोकांच्या जिवाची जबाबदारी ठेक्याने देता येत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर १९५१ साली कोसळून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेलाच जबाबदार धरले. दोष डोळ्यांना दिसत नव्हता हा बचाव चालला नाही. रस्त्यालगतची वास्तू ज्याची, सांभाळण्याचे कर्तव्य त्याचे.

आता मुंबईकडे या. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेला पादचारी पूल कोसळला. सात माणसे गेली. त्यांत रात्रपाळीला निघालेल्या जी.टी. रुग्णालयाच्या परिचारिका होत्या. पहिले काही तास पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावरच गेले. मग कळले की पूल महापालिकेचा, आणि त्याची तपासणी एका खाजगी सल्लागार संस्थेने करून किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायोग्य ठरवला होता. म्हणजे तपासणीसुद्धा ठेक्यावर! अभियंत्यांना अटक झाली, सल्लागारालाही झाली. पण तपासणीचे काम स्वतःच्या अभियंत्यांकडून काढून बाहेर देण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना कोणी विचारले काय?

१३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरात फलक कोसळून १७ जण ठार झाले. जागा लोहमार्ग पोलिसांची, फलक खाजगी कंपनीचा. महापालिका म्हणाली, आमची परवानगी नव्हती. लोहमार्ग पोलीस म्हणाले, जागा आमची असल्याने परवानगी आम्ही दिली. महापालिकेच्या नियमात बसणाऱ्या ४० फुटांऐवजी १२० फुटांचा फलक उभा राहिला तो या दोघांच्या मधल्या फटीत. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला, १३५ माणसे बुडाली. नगरपालिकेने तो पूल चालवायला दिला होता घड्याळे बनवणाऱ्या उद्योगसमूहाला. तेथे गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि कंपनीला प्रत्येक मृताच्या वारसाला १० लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. असा आदेश निघू शकतो हे त्यातून दिसले. पण त्यासाठी १३५ माणसे जावी लागली आणि न्यायाधीशांनी आपणहून कागद मागवावे लागले.

फौजदारी कायद्याची स्थितीही समजून घेतली पाहिजे, कारण सभांमध्ये आपण सहज म्हणतो की कंपनीच्या मालकाला आत टाका. कायदा तसा चालत नाही. कंपनीवर खटला भरता येतो, तिला दंड करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले. परंतु कंपनीला तुरुंगात कसे टाकणार? आणि २०१५ च्या सुनील भारती मित्तल प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की कंपनीने गुन्हा केला एवढ्यावरून संचालक आपोआप आरोपी होत नाही. त्याचा स्वतःचा सहभाग दाखवावा लागतो, किंवा त्या विशिष्ट कायद्यात तशी तरतूद असावी लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे या कलमात तशी तरतूद नाही. परिणामी पकडला जातो तो जागेवरचा सुपरवायझर, क्रेनचा चालक, फार तर साइट इंजिनियर. १० जानेवारी २०२३ ला बेंगळूरूच्या नागवारा भागात मेट्रोच्या खांबाचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर कोसळून एक आई व तिचे लहान मूल दगावले, तेव्हाही पोलिसांना गुन्ह्यात ठेकेदार कंपनीचे नाव घालता आले. पण कंपनीच्या वरच्या मजल्यापर्यंत जाण्याचा रस्ता कायद्यात अरुंदच आहे. ब्रिटनने २००७ साली खास कायदा करून संस्थेच्या वरिष्ठ व्यवस्थापनाच्या घोर हलगर्जीपणातून मृत्यू झाल्यास त्या संस्थेलाच दोषी ठरवण्याची सोय केली. आपल्याकडे असा कायदा नाही. भोपाळ घडून चाळीस वर्षे उलटलेल्या देशात तो नसावा, याची आम्हाला लाज वाटते.

आता चौथ्या माणसाकडे, म्हणजे ठेक्यावरच्या कामगाराकडे येऊ. कारण येथे कायदा होता, चांगला होता, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पातळ केला गेला.

कंत्राटी कामगार कायदा १९७० ने एक गोष्ट पक्की केली होती. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. पाणी, संडास, विश्रांतीची जागा ठेकेदाराने दिली नाही तर मुख्य मालकाने द्यायची. सरकारी कचेरीत मुख्य मालक कोण? तर त्या खात्याचा प्रमुख किंवा नेमून दिलेला अधिकारी. म्हणजे जबाबदारीला नाव व खुर्ची होती. ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांमध्ये इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणे आणि पहारा या कामांत ठेकेदारी बंद केली. कागदावर बंद केली, असे म्हणू या. त्या अधिसूचनेच्या आधारे एअर इंडियाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठेका बंद झाला की कामगार थेट मुख्य मालकाचा होतो. कामगार चळवळीत त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. पण हा आनंद पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ ला स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला, ती अधिसूचनाही रद्द केली. आपोआप सामावून घेण्याचा हक्क गेला. उरले एवढेच की ठेका हा निव्वळ देखावा आहे, खरा मालक सरकारी संस्थाच आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायचे.

सिद्ध करता येत नाही असे मात्र नाही. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते करून दाखवले. महापालिकेच्या रस्त्यांवर झाडू मारणाऱ्या, कचऱ्याच्या गाड्यांवर राबणाऱ्या २७०० सफाई कामगारांना ठेकेदारांच्या नावाखाली वर्षानुवर्षे राबवले जात होते. न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांना महापालिकेचे कायम कामगार ठरवले आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकासारख्या क्षुल्लक बाबींवरून कामगारांना झगडावे लागलेच. बेंगळूरूतही महापालिकेच्या पौरकार्मिकांनी, म्हणजे सफाई कामगारांनी, ठेकेदारीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. जुलै २०२२ मध्ये संप केला आणि १ मे २०२५ ला त्यांच्यापैकी बारा हजारांवर कामगारांच्या हाती कायम नेमणुकीची पत्रे पडली. हे न्यायालयाने दिले नाही, सरकारच्या मनात दया आली म्हणूनही मिळाले नाही.

आणि आता संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा इतिहासजमा झाला. व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य मालकाने पगाराची हमी घेण्याची तरतूद आहे, कलम ५५ मध्ये. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ठेकेदारीचे हे प्रकरण लागू होते ते ५० किंवा अधिक कामगार असतील तेव्हाच. पूर्वी हा आकडा २० होता. ज्याने रेल्वे स्थानकावरच्या सफाईचा ठेका पाहिला आहे त्याला ४५ माणसांचे दोन ठेके कसे करायचे हे समजावून सांगायला नको. दुसरे असे, की मुख्य कामात ठेकेदारी नको म्हणणाऱ्या या संहितेने मुख्य काम कशाला म्हणायचे नाही याची यादीच दिली आहे. सफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, कपडे धुणे, बांधकाम व देखभाल, वाहतूक, सहाय्यक स्वरूपाची कुरियर सेवा. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर यांतले काहीही मुख्य काम नाही. १९७६ ला जे वर्ज्य होते तेच आज मोकळे केले आहे! टपाल बांधवांनी ही यादी दोनदा वाचावी. टपाल पोहोचवणे हे टपाल खात्याचे मुख्य काम आहे हे उद्या आपल्याला न्यायाधिकरणात पुराव्यानिशी मांडावे लागले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

एक हत्यार मात्र हातात आहे, ते विसरू नये. वेतन संहितेच्या कलम ४३ प्रमाणे मालकाने पगार दिला नाही तर ज्या आस्थापनेत कामगार काम करतो तिच्या मालकावर ती जबाबदारी येते. तेथे ५० चा आकडा नाही. ठेकेदार पळून गेल्याची प्रकरणे ज्या शाखांकडे आहेत, त्यांनी या कलमाचा आधार घेऊन अर्ज करावेत.

टपाल खात्याचा विषय निघालाच आहे तर संगणकाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यंत्रणा बाहेरच्या कंपनीची. ती बंद पडली की रांगेतल्या पेन्शनर आजोबांच्या शिव्या खातो काउंटरवरचा सहायक. हिशेबात फरक आला तर त्याच्याच खिशातून वसुली होते. करारात कंपनीला किती दंड आहे हे त्याला कोणी दाखवत नाही. २०२३ च्या टपाल कायद्याने तर सेवेतल्या चुकीबद्दल खात्याला, नियमाने ठरवून दिलेली जबाबदारी वगळता, मोकळे केले आहे. १८९८ च्या कायद्यातही अशी सूट होती, पण तेव्हा टपालाची पिशवी सरकारी माणसाच्या खांद्यावर होती. खात्याला मिळालेल्या सवलतीच्या सावलीत ठेकेदाराने बसावे, असा कायद्याचा हेतू असूच शकत नाही.

ब्रिटनमध्ये काय झाले ते प्रत्येक टपाल कामगाराला माहीत असावे. १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसात होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसवली गेली. ती फुजित्सु या बड्या कंपनीची. प्रणाली गल्ल्यात तूट दाखवी, जी प्रत्यक्षात नव्हतीच. पोस्ट ऑफिसने संगणकावर विश्वास ठेवला, माणसांवर नाही. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक उपडाकपालांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. ५५५ उपडाकपालांनी एकत्र येऊन दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केले. २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. भरपाई देत आहे ते सरकार, म्हणजे करदाता. आणि कंपनी? तिने २०२४ मध्ये कबूल केले की भरपाईत वाटा उचलण्याची आपली नैतिक जबाबदारी आहे. नैतिक! कारण कायदेशीर जबाबदारी करारात कोणी लिहूनच ठेवली नव्हती.

योगायोग असा की आपल्या देशातील संगणक उद्योगाचे एक बीज कोरमंगलातच रुजले. पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ साली बेंगळूरूला गेली आणि सुरुवातीची बरीच वर्षे तिची कचेरी याच भागात होती. तिने केलेले आयकर खात्याचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ ला सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून अडखळले. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना कंपनीच्या प्रमुखाला बोलावून जाब विचारावा लागला. करदाता मोठा, वकील-हिशेबतपासनीस बोलके, म्हणून मंत्र्यांपर्यंत गोष्ट गेली. ग्रामीण डाकसेवकाच्या हातातले यंत्र चालेनासे झाले तर कोणता मंत्री कोणाला बोलावणार आहे?

आमच्या मागण्या नव्या नाहीत, पण त्या एकत्र मांडण्याची वेळ आली आहे. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक कामाचा करार, त्यातली दंडाची कलमे, बँक हमी, तपासणीचे अहवाल कामाच्या जागी व कचेरीत उघडे ठेवा. व्यापारी गुपित म्हणून माहिती अधिकाराच्या कलम ८ खाली ते झाकू नका, कारण सार्वजनिक पैशाच्या करारात गुपित कसले? अपघातात कामगार वा नागरिक गेला तर पहिली भरपाई सरकारी खात्याने द्यावी आणि ती ठेकेदाराकडून वसूल करणे ही खात्याची डोकेदुखी असावी, वारसाची नव्हे. पगार व भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा मिळाल्याखेरीज ठेकेदाराचे बिल पास करणाऱ्या अधिकाऱ्याकडून ती रक्कम वसूल व्हावी. काळ्या यादीत गेलेली कंपनी नाव बदलून, भागीदारी करून परत येते, तिच्या संचालकांची नावेच यादीत घाला. प्रणालीच्या दोषामुळे आलेली तूट कर्मचाऱ्याच्या माथी मारण्यापूर्वी प्रणालीची स्वतंत्र तपासणी बंधनकारक करा. आणि मृत्यूला कारण होणाऱ्या कंपन्यांसाठी ब्रिटनप्रमाणे स्वतंत्र कायदा आणा.

कायम कामगारांना आम्हाला थोडे कडू बोलायचे आहे. ठेक्यावरचा सफाई कामगार, पार्सल हमाल, डब्यात चादरी वाटणारा पोरगा, टपालाच्या गाडीचा चालक, यांचे पगार तीन-तीन महिने थकतात तेव्हा आपण त्याच फलाटावर, त्याच सॉर्टिंग हॉलमध्ये असतो. आपल्याला दिसते. ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपाच्या दिवशी ठेकेदारीविरुद्धच्या घोषणा आपण दिल्या. पण किती शाखांनी आपल्या स्थानकावरच्या ठेकेदाराच्या हजेरीपटाची प्रत मागितली? किती शाखांकडे करार क्रमांक आहे? मान्यताप्राप्त संघटनेला हे कागद मागता येतात, आणि मागितल्यावर अधिकाऱ्याची चलबिचल पाहण्यासारखी असते.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या कार्यकक्षेतील ठेक्यांची नोंद या तिमाहीत करावी: काम कोणते, कंपनी कोणती, कामगार किती, मुख्य मालक म्हणून सही कोणाची, शेवटचा पगार कोणत्या तारखेला. कामगारांची नावे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत, ठेकेदाराला कळले तर दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकावरच अडवले जाते. पगार थकलेली प्रकरणे वेगळी काढावीत. ती प्रथम आणि लेखी स्वरूपात संबंधित अधिकाऱ्याकडे, मुख्य मालक म्हणून, पोचपावती घेऊन द्यावीत, आणि पोचपावतीची एक प्रत महासंघाच्या कचेरीकडे पाठवावी.